मॅनिफोल्डची खांदशेकणी

आंजी मोठी या गावच्या पुंडलिकरावांचा गोठा दोन भागांत होता. डाव्या हाताला चांद्या आणि पोवळ्या ही बैलजोडी, उजव्या हाताला त्यांच्या मुलाचे, प्रफुलचे, सायलेन्सर. मधे बांबूची ताटी होती. ती बैलांना सायलेन्सरांपासून वाचवायला लावली होती की सायलेन्सरांना बैलांपासून, हे घरात कधी नीट ठरलं नाही. पोवळ्या मात्र ताटीवरून मान टाकून सायलेन्सरांकडे बघत तासन् तास रवंथ करायचा. प्रफुलच्या कामात एवढा रस घेणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

काम तसं सांगायला सोपं, पटवायला अवघड. इंजिनातला जळका धूर ज्या नळ्यांतून बाहेर येतो त्या नळ्या तापतात. साध्या गाडीच्या तापायच्या तेवढ्या तापतात. पण जी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतात, तिच्या नळ्या लोहाराच्या भट्टीतल्या फाळासारख्या लाल होतात. ती आच बॉनेटखाली पसरते, वायरी वितळवते, ब्रेकचं ऑइल उकळवते. म्हणून त्या नळ्यांना सिरॅमिकचा लेप द्यायचा आणि तो भट्टीत भाजून पक्का करायचा. मग आच नळीच्या आतच राहते आणि धुराबरोबर मागच्या मागे निघून जाते. आतली आग आत ठेवायची, बाहेर कोणाला कळू द्यायची नाही. पुंडलिकरावांना हे कोणताही लेप न लावता जन्मतःच जमलेलं होतं.

प्रफुल हे काम नागपूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकला. दोन हजार चार साली, होळीच्या जरा आधी, कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हा तो एक स्प्रे गन, तापमान दाखवणारा एक काटा आणि डोक्यात मावेल तेवढं ज्ञान घेऊन एसटीनं घरी आला. गोठ्यातली जुनी जोडी म्हातारपणानं गेली होती, अर्धा गोठा रिकामा होता. तो त्यानं मागितला. पुंडलिकराव आढ्याकडे बघत म्हणाले, "पोळ्यालोक राहू दे. पोळा झाला का मी नवी जोडी आणतो. मंग मले जागा लागन."

त्यानंतर या विषयावर बापलेकांत बोलणं झालं नाही. तसं इतर विषयांवरही फारसं होत नसे. पण या विषयावर मुद्दाम होत नव्हतं. गावात कोणी विचारलंच, तर पुंडलिकरावांचं एकच म्हणणं असे. बैलही खळ्यावर गोल गोल फिरतो, पण त्यातून निदान दाणे निघतात. या गाड्या गोल फिरून निघाल्या तिथंच परत येतात. तिथंच यायचं होतं, तर निघाल्या काऊन?

पावसाळा लागेपर्यंत गावातल्या बऱ्याच मोटरसायकलींचे सायलेन्सर झाले, एका थ्रेशरचं धुराडं झालं आणि रूपरावांच्या पाणी तापवायच्या बंबाची मधली नळी झाली. ती गंजते म्हणून रूपरावांनीच हट्टानं करून घेतली होती. लेप इतका उत्तम बसला की आच नळीबाहेर आलीच नाही, आणि रूपराव पावसाळाभर थंड पाण्यानं आंघोळ करत राहिले. तक्रार करावी तर कामात खोट नव्हती.

मग नागपंचमीच्या सुमारास रक्षा आली. ती वर्ध्याची, वडिलांचं टायरचं दुकान. वर्षातून दोनतीनदा आपली मारुती ट्रकवर चढवून मद्रासकडच्या ट्रॅकवर न्यायची आणि तिथल्या शर्यतीत पळवायची. तिला पाहायला पाहुणे आले की ती गाडीखाली पाना घेऊन सापडायची, म्हणून घरच्यांनी हल्ली पाहुणे बोलावणं कमी केलं होतं. तिनं जीपमधून एक मॅनिफोल्ड काढून प्रफुलच्या समोर ठेवला. इंजिनातून निघालेल्या चार नळ्या पुढे वाकून एका नळीत मिळाल्या होत्या. त्यावर जुना लेप होता, म्हणजे कधीकाळी असावा. आता जागोजागी पापुद्रे सुटलेले होते.

मागच्या शर्यतीत हा लेप दोनचार फेऱ्यांतच सोलून निघाला, तिनं सांगितलं. मग आतली आच बाहेर आली आणि शेजारून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीतलं ऑइल उकळलं. वळणावर तिनं ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला, आणि गाडी सरळ गवतात. भाजीत मीठ कमी पडल्यासारखं ती हे सांगत होती. "पोळ्याच्या दिवशी दुपारी ट्रक निघतो," ती म्हणाली. "त्याच्या आधी मी न्यायला येईन. टिकला, तर तिथले बाकीचेही पाठवतील तुमच्याकडे. नाही टिकला, तर मी बहुतेक सांगायला येणार नाही."

अर्धा गोठा आता या चार नळ्यांवर टांगला गेला, हे प्रफुलला कळलं. लेप टिकला तर काम येणार होतं. नाही टिकला, तर पोळ्यानंतर या जागी नवी जोडी आणि प्रफुल वर्ध्याच्या कृषी केंद्रात खताची पोती उचलायला. वर रक्षाच्या ब्रेकचा प्रश्न होताच.

लेपाचा डबा पुण्याहून ट्रान्सपोर्टनं यायचा होता. तो सगळी गावं बघत बघत पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचला. प्रफुलनं मात्र तयारी करून ठेवली होती. पंक्चरवाला कवडू त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर गोठ्यात आणून दोघांनी धाम नदीच्या पात्रातली चाळलेली रेती हवेच्या जोरानं मॅनिफोल्डवर मारली. गंज गेला, जुने पापुद्रे गेले आणि लोखंड राखेच्या रंगाचं, हाताला खरबरीत लागेल असं झालं. हाताला लागेल असं म्हणायचं, लावायचा नाही. कारण माणसाच्या हाताला जन्मजात तेल असतं, आणि तेलकट लोखंडाला लेप धरत नाही. सकाळी लेप मारायचा म्हणून प्रफुलनं तो थिनरनं धुतला, वाशाला तारेनं टांगला, ताटीवर खडूनं 'हात लावू नये' असं लिहिलं आणि कॉम्प्रेसरसाठी डिझेल आणायला गेला.

तो दिवेलागणीला परत आला, तेव्हा गोठ्यात पुंडलिकराव होते. हातात पितळेची वाटी, वाटीत कोमट तूप आणि हळद, शेजारी पळसाची पानं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे घासलेले असतात. त्या दिवशी ते तूप-हळदीनं चोळायचे, पानांनी शेकायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. पुंडलिकरावांनी चांद्याचा खांदा चोळला, पोवळ्याचा चोळला. दोघांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वाटीत थोडं तूप उरलं होतं. ते घेऊन पुंडलिकराव ताटीच्या अलीकडे आले.

मॅनिफोल्डसमोर ते उभे राहिले. खडूची सूचना त्यांनी वाचली. त्यांना वाचता उत्तम येत होतं; पण घरातल्या कर्त्या माणसाला घरातल्या पाट्या लागू होत नाहीत. त्यांनी मॅनिफोल्डला खांदा कुठं असेल ते शोधलं. चार नळ्या जिथं वाकतात तिथं तो होता. मग सगळा पंजा तुपात बुडवला, आणि त्या खांद्यावर ठेवून हळूहळू चोळला, जसा बैलाचा चोळतात, केसांच्या दिशेनं.

"आज आवतन घ्या," ते मॅनिफोल्डला म्हणाले, "उद्या जेवाले या." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पोट्ट्याले सांभाळजा."

दारात प्रफुल डिझेलचा डबा घेऊन उभा होता. रेती मारलेल्या लोखंडाला तूप लावणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. नागपूरच्या कारखान्यात एकजण समोसा खाऊन नुसता जवळून गेला, तर त्याला आठवडाभर गेटवर बसवलं होतं. धावत जाऊन बाबांचा हात धरावा असं प्रफुलला वाटलं. पण होळीपासून ज्या माणसानं या नळ्यांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, तो आता त्यांना जेवायला बोलावत होता. प्रफुल मागच्या पावली अंगणात गेला, बैलगाडीच्या आडून उगाच खोकला आणि मग पाय आपटत आला. पुंडलिकराव हात पुसत बाहेर पडत होते. जेवण वाढलंय एवढं त्यांनी सांगितलं, आणि कोणाचं ते सांगितलं नाही.

पोळ्याच्या सकाळी पुंडलिकराव बैल घेऊन नदीवर गेले. प्रफुलनं चिंधी घेतली आणि मॅनिफोल्ड थिनरनं पुसायला लागला. हळद निघाली. तूपही निघालं असं त्यानं स्वतःला समजावलं. खरबरीत लोखंड ओठ न हलवता तूप पिऊन घेतं, हे त्याला माहीत होतं. पण त्या सकाळी ते त्यानं माहीत नसल्यासारखं केलं.

कवडू कॉम्प्रेसरपाशी बसून पाहत होता. "सांगून दे न बे बाबाले," तो म्हणाला. "रेती हाय, तासभर हाय. पुन्ना मारू."

"काय सांगू? तुमी आशीर्वाद देला, थो मी पुसून राह्यलो, असं?"

"मंग आशीर्वादावर मार रंग," कवडू म्हणाला आणि त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला.

लेप सुरेख बसला. चारी नळ्या एकसारख्या मंद चंदेरी झाल्या. प्रफुलनं गन खाली ठेवली आणि श्वास सोडला, तेवढ्यात वाकणावरचा लेप हलायला लागला. मोठं माणूस खाटेवर येऊन बसलं की पोरं जशी सरकतात, तसा तो हळूहळू मागे सरकला. आधी मधे एक मोकळा ठिपका पडला, मग तो पसरला, मग त्याला बोटं फुटली. बघता बघता मॅनिफोल्डच्या खांद्यावर एक आख्खा पंजा उमटला. रुंद, आखूड बोटांचा, अंगठा जरा बाजूला.

नेमके तेव्हाच पुंडलिकराव ओले बैल घेऊन आत आले. त्यांनी दावी बांधली. मग ताटीवरून पाहिलं.

"हा पंजा कोणाचा?"

कवडूचा, असं म्हणता आलं असतं. हे कवडूच्या आधीच लक्षात आल्यामुळे त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

"तुमचा, बाबा," प्रफुल म्हणाला.

पोवळ्यानं कान झटकले. नदीचं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं; कोणी पुसलं नाही.

"तुपानं?"

"हो. तेल-तूप असलं का हे धरत नाई. तापलं का तिथूनच सोलून निघते. मांगच्या बारीले त्या बाईच्या गाडीचा ब्रेकच लागला नाई याच्यापायी."

"तुले मालूम व्हतं?"

"काल तुमी लावत व्हते, मी दारातच व्हतो."

"मंग बोलला काऊन नाई?"

प्रफुलनं हातातली चिंधी उगाच घडी करून ठेवली. "तुमी पह्यल्यांदाच याले हात लावला, बाबा," तो म्हणाला.

पुंडलिकरावांनी आपल्या उजव्या पंजाकडे पाहिलं. मग नळीवरच्या पंजाकडे. दोन्ही सारखेच होते, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नुकताच नदीत धुतलेला हात त्यांनी धोतराला पुसला आणि विचारलं, आता काय करावं लागतं.

काय करावं लागतं ते प्रफुलनं सांगितलं. ओला लेप पुसायचा. लोखंडात मुरलेलं तूप आगीत जाळून काढायचं. मग पुन्हा रेती, पुन्हा लेप, आणि शेवटी भट्टीत भाजायचं. भट्टी म्हणजे अंगणातला डांबराचा रिकामा ड्रम, खालून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या. पण ड्रम तापायलाच दुपार झाली असती, आणि दुपारी ट्रक निघत होता.

सकाळपासून तापलेली अशी एकच जागा घरात होती. पुंडलिकरावांनी स्वैपाकघराच्या धुराकडे पाहिलं. प्रफुलनंही पाहिलं. दोघांपैकी कोणाचीही तिकडे जायची छाती होत नव्हती, कारण चुलीवर पोळ्याचं पुरण शिजत होतं आणि चुलीसमोर प्रफुलच्या आई, यशोदाबाई, होत्या.

यशोदाबाईंनी सगळं आतून ऐकलं होतं. घर एवढंसं, न ऐकून जाणार कुठं. त्या दारात आल्या, पदराला हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आणा त्यायले अंदर. आवतन तुमीच देलं न? आता पाहुणे चुलीपाशी येतीनच."

पुरणाचं पातेलं उतरलं आणि त्या जागी, पऱ्हाट्यांच्या जाळात, मॅनिफोल्ड बसला. आधी फोडणीचा वास सुटला. मग काळा धूर. मग धूरही थांबला आणि चार नळ्या आतून मंद तांबूस दिसायला लागल्या. यशोदाबाईंनी त्याच्यावर नजर ठेवली, करपू नये म्हणून. करपवायचाच आहे असं प्रफुलनं दोनदा सांगितलं. पण सणाच्या दिवशी चुलीवरचं काही करपवायची त्यांना सवय नव्हती.

लोखंड निवाल्यावर पुन्हा रेती मारली. पुंडलिकरावांना काहीतरी करायचं होतं, आणि करायचं तर हातानंच करायचं, आणि हात तर लावायचा नव्हता. शेवटी ते कॉम्प्रेसरचा पाइप उचलून उभे राहिले. बैलाले साबण, याले रेती, असं त्यांनी एकदा स्वतःशीच म्हटलं. लेप मारायच्या वेळी मात्र ते ताटीपलीकडे, हात पाठीशी बांधून, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे राहिले. लेप बसला. सगळे थांबले. कवडूनं श्वास धरल्याचा आवाज आला. वाकण चंदेरी झालं आणि चंदेरीच राहिलं.

तोवर ड्रमखाली जाळ झाला होता. मॅनिफोल्ड आत टांगून प्रफुलनं काटा दाखवला. तो इथून इथवर सावकाश चढला पाहिजे आणि मग तिथंच थांबला पाहिजे. पुंडलिकराव पऱ्हाट्यांचा भारा घेऊन ड्रमसमोर उकिडवे बसले. एरवी या वेळेला त्यांचे बैल सजून तयार असायचे. शेजारचे, वेशीवरच्या पोळ्याच्या तोरणाकडे निघालेले बैल दारावरून गेले, लोकांनी हाका दिल्या. पुंडलिकराव उठले नाहीत. काटा पुढे पळायला लागला की ते त्याला "हो, हो" म्हणायचे, बैलाला म्हणतात तसं, आणि एक काडी मागे ओढायचे. बऱ्याचदा काटा ऐकायचा.

रक्षा आली तेव्हा मॅनिफोल्ड ड्रममध्येच होता. बाहेर रस्त्यावर ट्रकवाला हॉर्न देत होता. यशोदाबाईंनी तिला काही बोलायच्या आधीच पाटावर बसवलं आणि तिच्या पुढ्यात पुरणपोळी वाढली. पुरणाला पऱ्हाटीच्या धुरापलीकडचा कसला तरी वास होता. काम तर काल व्हायचं होतं ना, उशीर कशामुळे झाला, तिनं विचारलं. ट्रान्सपोर्ट, डिझेल, हवेतला दमटपणा, असं एकेक प्रफुल रचायला लागला.

"पह्यला लेप माह्या हातानं खराब झाला," ड्रमसमोरून आवाज आला. "म्हून त्यानं पुन्ना केला."

यशोदाबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. पुंडलिकरावांची विहीर आटली ती शेजाऱ्यामुळे, तूर गेली ती सरकारमुळे, आणि घराची मागची भिंत पडली ती भिंतीच्या स्वभावामुळे. त्यांच्या हातानं काही बिघडल्याची आंजीत नोंद नव्हती.

"आता टिकेल?" रक्षानं विचारलं.

तिनं प्रफुलला विचारलं होतं. प्रफुलनं काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ब्रेक दाबताना याचा विचार करू नका," तो म्हणाला.

जाळ ओढला, ड्रमचं झाकण काढलं. मॅनिफोल्ड निवल्यावर रक्षानं वाकणावर नाण्यानं कचकचून घासलं. नाण्याची कड झिजली. तो गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये ठेवला आणि ट्रकच्या मागे निघून गेली.

अंगणात चौघं उरले, आणि दोन बैल, ज्यांना पोळा आहे हे एव्हाना समजलं होतं आणि आपली तयारी नाही हेही. शिंगांसाठी दुकानातून आणलेला लाल रंग काढून कालवायला आता वेळ नव्हता. पुंडलिकरावांनी घसा साफ केला.

"डब्यात उरला काय थोडासा?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी तोरणाखाली लाल, हिरव्या, निळ्या शिंगांच्या ओळीत एक जोडी मंद चंदेरी शिंगांची होती. ती सगळ्यात उशिरा आली, त्यामुळे सगळ्यांनी पाहिली. रूपरावांनी जवळ येऊन हा कोणता रंग म्हणून विचारलं. पुंडलिकराव समोर बघत म्हणाले, "सातशे डिग्रीलोक याले काईच होत नाई." बैलाच्या शिंगाला सातशे डिग्रीची वेळ कधी येते, हे रूपरावांना विचारायचं होतं, पण बंबाचा अनुभव आठवून ते आपल्या बैलांकडे वळले.

पुढच्या आठवड्यात कवडूच्या दुकानातल्या फोनवर रक्षाचा निरोप आला. शेवटच्या फेरीत क्लच गेला, म्हणून नंबर मागचा आला. पण ब्रेक पहिल्यापासून शेवटपर्यंत लागला आणि लेपाचा टवका उडाला नाही. आणखी दोघांचे मॅनिफोल्ड एसटी पार्सलनं निघालेत, असंही तिनं सांगितलं. प्रफुलनं हे घरी सांगितलं तेव्हा पुंडलिकराव जेवत होते. त्यांनी मान हलवली आणि वरण मागितलं. वरणावर तूप घेताना ते एकदा थांबले, मग घेतलं.

पोळा होऊन गेला होता. बोलल्याप्रमाणे पुंडलिकरावांनी बाजारातून नवी जोडी आणली. प्रफुलनं आदल्या दिवशीच गन, डबे, तारा एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या. पुंडलिकराव जोडी घेऊन फाटकातून आत आले, गोठ्याच्या दारापर्यंत गेले, आत डोकावून पोतं पाहिलं, आणि बैल वळवून अंगणातल्या निंबाखाली बांधले. मग दुपारभर खपून त्यांच्यावर टिनाचं छप्पर घातलं. प्रफुल मदतीला गेला तर त्याला दुसरं काम नाही काय, असं विचारलं. त्यानं जाऊन पोतं उघडलं.

नवी जोडी गोठा सोडून उघड्यावर काऊन बांधली, असं गावात ज्यानं त्यानं विचारलं. पुंडलिकरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. त्यायले त्या नळ्यायचा वास सहन होत नाई, ते म्हणायचे.

बैलांनी याबद्दल कधी काही तक्रार केली नव्हती.